भाड्याच्या घरात खिळा न ठोकता हॉल कसा सजवावा?

डोंबिवलीकर: भाड्याचा वन बीएचके. मालक खिळा ठोकू देत नाही, रंगाचं तर नावच नको. हॉलमध्ये दिवाण आणि पांढरी ट्यूब, बस्स. माळ्यावर आईच्या दोन इरकली साड्या पडून आहेत. दोन-तीन हजारांत काय होईल?

सुईदोरा: साड्या काढा की खाली! साडी साधारण साडेपाच मीटर, मधोमध कापली की सात फुटी दाराचे दोन पडदे, काठ आपोआप उभे येतात. मागे सुती अस्तर हवंच, नाहीतर उन्हानं रंग उडतो आणि रेशमी पदर विरतो. चौकटीत दाबून बसणारा स्प्रिंगचा रॉड मिळतो, खिळा लागत नाही. पण आईला विचारूनच कात्री लावा हं.

जुना वायरमन: आधी ट्यूब बघा. खोक्यावर ६५०० के (के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचा आकडा) असेल तर तो दवाखान्यासारखा पांढराफटक उजेड. संध्याकाळी कोपऱ्यात २७०० केचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, नऊ वॅटचा बल्ब लावा, तोंड भिंतीकडे.

डोंबिवलीकर: बल्ब आजच आणतो. बाटलीत मनीप्लँट ठेवू का? घरात मांजर आहे.

सुईदोरा: मग नकोच, मांजरीला बाधतो. स्पायडर प्लँट चालेल.