जुना लॅपटॉप दुपारी जास्तच अडकते

भाऊ, दर्यापूरकडे ऑनलाइन फॉर्म भरतो. 4 जीबी रॅम, 500 जीबी हार्डडिस्क. सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटं. काय बदलू?

— आधी डिस्क. टास्क मॅनेजरात (विंडोजमधी कोणत्या भागावर किती भार हाय ते दाखवते) डिस्क 100 टक्क्यांवर अडकून असेल तर दोष तिचाच. तिच्या जागी 2.5 इंची साटा एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क) टाका, 240 जीबी पुरे.

— रॅम घेण्याआधी जुनी रॅमची पट्टी काढून तिच्यावरचं लेबल वाचा. डीडीआर3एल हा रॅमचा प्रकार 1.35 व्होल्टचा असते; तिच्या जागी 1.5 व्होल्टची साधी डीडीआर3 बसते, पण मशीन बरेचदा चालूच होत नाही.

— दुपारचा त्रास उष्णतेचा हाय. पंख्यासमोरच्या जाळीत धूळ अन् कापसाचं तूस बसलं की प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो. झाकण खोलून ब्रशनं काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धराच, नाहीतर बेअरिंग जाते. प्रोसेसरवरची नवी थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) तांदळाच्या दाण्याएवढीच.