मदत हवी आहे: सी मध्ये आरएसए डिक्रिप्ट कधी होतंय, कधी होत नाहीये

कोडवेडा: लवकर सांगा कुणीतरी, उद्या सबमिशन आहे. आरएसए म्हणजे एका कीने बंद, दुसऱ्या कीने उघड. ओपनएसएसएल ही लायब्ररी घेऊन पब्लिक कीने मेसेज एन्क्रिप्ट करून फाईलमध्ये टाकतोय, दुसऱ्या प्रोग्रॅमने ती वाचून प्रायव्हेट कीने उघडतोय. कधी मस्त उघडतो, कधी सरळ मायनस वन. कोड तोच, मेसेज तोच, कीची जोडी पण बरोबर आहे.

खटपट्या: की किती बिटची? पॅडिंग, म्हणजे एन्क्रिप्टच्या आधी मेसेजला जोडायची भर, कुठलं? आणि एरर छापलीस का, नुसत्या मायनस वनवरून काय कळणार.

कोडवेडा: 2048, ओएईपी, लिनक्स. 'ओएईपी डिकोडिंग एरर' म्हणतंय.

सावंतवाडीकर: मेसेज मोठा असणार. 2048 बिट म्हणजे 256 बाइट, त्यातले 42 ओएईपी खातं, उरले 214. त्यात मराठी असेल तर एका अक्षरचिन्हाला 3 बाइट, म्हणजे 71 चिन्हं झाली की संपलं. मोठा डेटा एईएसने (बंद-उघड एकाच कीने) करायचा आणि फक्त एईएसची की आरएसएने.

कोडवेडा: अहो मेसेज फक्त 'नमस्कार' आहे, 21 बाइट.

जुनाखेळाडू: ओएईपी काढ, पीकेसीएस1 हे जुनं पॅडिंग लाव, माझं त्यावर वर्षानुवर्षं चाललंय.

खटपट्या: नको रे बाबा. त्यावरचा हल्ला ब्लायखेनबाखर या क्रिप्टोग्राफरने 1998 लाच दाखवलाय. शिवाय ओपनएसएसएल 3.2 पासून त्यात पॅडिंग चुकलं तर एरर न देता रँडम कचरा परत देतात, मग बसशील शोधत.

जुनाखेळाडू: कॉलेजच्या असाइनमेंटवर कोण हल्ला करतंय?

निळीशाई: ते जुने आरएसए फंक्शन ओपनएसएसएल 3.0 पासून डेप्रिकेटेड आहेत, म्हणजे वापरू नका म्हणतात. ईव्हीपी नावाच्या त्यांच्याच दुसऱ्या फंक्शनांवर जा.

खटपट्या: ते नंतर. कोडवेडा, फाईलमध्ये लिहितोस ती ओळ टाक आधी.

कोडवेडा: एफराइट(आउट, 1, स्ट्रलेन(आउट), एफपी);

खटपट्या: हेच. सिफरटेक्स्ट, म्हणजे एन्क्रिप्ट झालेला डेटा, ही स्ट्रिंग नव्हे, त्यात मधेच शून्य बाइट आला की लांबी मोजणारं स्ट्रलेन तिथेच थांबतं आणि पुढचं फाईलमध्ये जातच नाही. ओएईपी दर वेळी नवा रँडम सीड (यादृच्छिक बाइट) घेतं म्हणून मेसेज तोच असून सिफरटेक्स्ट वेगळा, आणि 256 बाइटांत एक तरी शून्य असण्याची शक्यता 63 टक्क्यांच्या आसपास. फाईलची साइज बघ.

कोडवेडा: 91 दाखवतंय!

खटपट्या: एन्क्रिप्ट फंक्शन जी लांबी परत देतं ती वापर. फाईल पण 'डब्ल्यूबी'नेच (बायनरी मोड) उघड, विंडोजवर नुसत्या 'डब्ल्यू'ने 0ए (नव्या ओळीचा बाइट) च्या आधी 0डी हा जादा बाइट घुसतो.

कोडवेडा: आता दर वेळी 256, उघडतंय पण. फक्त 'नमस्कार'च्या पुढे दोन भलतीच चिन्हं येतायत.

निळीशाई: डिक्रिप्ट शेवटी शून्य लावत नाही. ते जी लांबी परत देतं, बफरमध्ये त्या जागी तूच शून्य ठेव, मग प्रिंट कर.