मदत हवी आहे: परदेशातलं लायसन्स आणि गाडीचा विमा, पुण्यातून कोणते कागद न्यावेत?

पौडफाटा
नमस्कार. सध्या पुण्यात आलोय, शनिवारी परत निघायचंय. तिकडे सेकंडहँड गाडी ठरवली आहे आणि विमा कंपनीने सांगितलेला हप्ता ऐकून डोळे पांढरे झाले. त्यांच्या लेखी मी नवशिका! इथे कॉलेजपासून गाडी चालवतोय, एकही क्लेम नाही. लायसन्सचंही तेच, मुदत संपत आली म्हणतात. आरटीओतून नक्की कोणता कागद आणला की हे दोन्ही सुटेल? संगम पुलाजवळच्या ऑफिसात जायचं की आळंदी रोडला? एजंट नको आहे. सोमवार-मंगळवारच हातात आहेत, प्लीज लवकर सांगा. आगाऊ धन्यवाद.

रानजाई
देश कुठला? आणि मुदत कसली, तुमच्या भारतीय लायसन्सची की तिकडे त्यावर चालवायची? दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

अण्णा_निगडी
सरळ इंटरनॅशनल परमिट काढा. सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, फी १००० रुपये, पासपोर्ट-व्हिसा दाखवायचा, वर्षभर निवांत. माझ्या मुलाने अमेरिकेला जाताना काढलं होतं, कुठेही अडलं नाही. लोक उगाच घाबरवतात.

थेम्सकाठी
यूके असेल तर माझा अनुभव सांगते. राहायला आल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्सवर चालवता येतं. पण तेवढ्यात तिकडची परीक्षा पास व्हायला हवं, नाहीतर पुढे शिकाऊ माणसाचे सगळे नियम लागू. लेखी परीक्षेत ५० पैकी ४३ बरोबर यावे लागतात, शिवाय धोका ओळखायच्या व्हिडिओंत ७५ पैकी ४४ गुण. अवघड नाही, पण प्रत्यक्ष परीक्षेची तारीख मिळता मिळत नाही. पहिल्या महिन्यातच नाव नोंदवा. बाकी गाडी डावीकडूनच चालवायची असल्याने सवय पटकन होते.

पौडफाटा
यूके नाही हो, जर्मनी. श्टुटगार्टजवळ. आणि अण्णा, परमिट आहेच माझ्याकडे, जाताना काढलं होतं. त्यावर १ वर्ष असं स्पष्ट छापलंय, तरी ऑफिसातले लोक म्हणतात सहा महिन्यांनंतर चालवायची नाही. हे कसं काय?

नेकारतीर
ऑफिसातले लोक बरोबर सांगतायत. मी हाइलब्रोनला राहतो, म्हणजे तुमच्या शेजारीच.

परमिट हे तुमच्या मूळ लायसन्सचं भाषांतर समजा. मूळ लायसन्स जिथे चालत नाही तिथे परमिटही चालत नाही, वर्ष छापलेलं असलं तरी. जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिने भारतीय लायसन्स चालतं. एकूण मुक्काम वर्षाच्या आतच आहे हे दाखवता आलं तर मुदत वाढवून मिळू शकते, पण तुमची कायमची नोकरी असणार, म्हणजे तो मार्ग बंद.

त्यानंतर 'उमश्राइबुंग', म्हणजे भारतीय लायसन्सच्या जागी जर्मन करून घेणं. काही देशांच्या लोकांना हे परीक्षेविना मिळतं, पण भारत त्या यादीत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही द्याव्या लागतात. दिलासा एवढाच की नवशिक्याला जे ठरावीक तास सक्तीचे असतात ते आपल्याला नाहीत. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव मात्र घालावंच लागतं. प्रथमोपचाराचा कोर्स, डोळ्यांची तपासणी, लायसन्सचं जर्मन भाषांतर, हे सगळं तिकडेच होतं. आरटीओत यातलं काहीच मिळणार नाही.

रानजाई
तिकडे पत्ता कधी नोंदवलात? त्यावर सगळं आहे.

पौडफाटा
ऑक्टोबरच्या मध्यावर. म्हणजे एप्रिलच्या मध्यावर संपणार. पण गाडी तर आधीच ठरवली आहे, बयाणा दिलाय.

अण्णा_निगडी
आमच्या सोसायटीतल्या एकांची मुलगी म्युनिकला आहे. ती वर्षभर भारतीय लायसन्सवर फिरली. कोणी विचारलंसुद्धा नाही.

नेकारतीर
अण्णा, पोलिसांनी अडवलं नाही म्हणून ते कायदेशीर होत नाही. मुदतीनंतर चालवणं हा तिथे विनापरवाना गाडी चालवण्याचा गुन्हा आहे. साध्या दंडाच्या पावतीवर भागत नाही, फौजदारी प्रकरण होतं आणि कायद्यात एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देते आणि मग ५००० युरोंपर्यंत तुमच्याकडून वसूल करू शकते. नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाने हा धोका का घ्यावा? कृपा करून नवीन माणसाला असा सल्ला देऊ नका.

अण्णा_निगडी
मी सल्ला दिलेला नाही, घडलेलं सांगितलं.

विमावाला_कर्वेरोड
विम्यावर कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. या व्यवसायात बरीच वर्षं आहे. तुम्हाला हवा आहे तो कागद आरटीओ देत नाही, इथली विमा कंपनी देते. एनसीबी सर्टिफिकेट, म्हणजे क्लेम न केल्याचा दाखला. आधी सांगा, पॉलिसी कोणाच्या नावावर आहे?

पौडफाटा
बाबांच्या. गाडी त्यांच्या नावावर आहे, चालवायचो मीच. ५० टक्के एनसीबी आहे, नूतनीकरणाच्या नोटिशीवर छापलंय. तेवढी नोटीस पुरेल ना?

विमावाला_कर्वेरोड
नाही पुरणार. एनसीबी गाडीला चिकटलेला नसतो, गाडीच्या मालकाला असतो. स्टिअरिंगवर कोण बसायचं याची पॉलिसीत नोंदच नाही. दाखला बाबांच्या नावाने निघेल, तो तुम्हाला जर्मनीत उपयोगाचा नाही. तुमच्या स्वतःच्या नावावर कधी गाडी होती का?

पौडफाटा
हो, एक जुनी वॅगन-आर होती. जायच्या आधी विकली. ती धरायची का?

विमावाला_कर्वेरोड
मग तीच धरायची! सोमवारी त्या विमा कंपनीच्या शाखेत जा. गाडी दुसऱ्याच्या नावावर झाल्याचा कागद, जुनी पॉलिसी आणि ओळखपत्र घेऊन जा, आणि एनसीबी राखून ठेवल्याचं पत्र मागा. इथे दुसरी गाडी घेतलीत तर ते तीन वर्षं चालतं.

तिकडच्यासाठी मजकूर नीट लिहून घ्या. नुसतं '३५ टक्के' किंवा '५० टक्के' लिहिलेलं परदेशातल्या माणसाला कळत नाही. २०, २५, ३५, ४५, ५० ही पायरी आपल्याकडची आहे. कंपनीच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, पासपोर्टवर आहे तसंच तुमचं पूर्ण नाव, गाडीचा नंबर, विमा कधीपासून कधीपर्यंत होता त्या तारखा आणि त्या काळात एकही क्लेम नाही असं स्पष्ट वाक्य हवं. खाली सही, शिक्का, हुद्दा, शाखेचा ईमेल. काउंटरवरचा माणूस कॉम्प्युटरवरून एक प्रिंट काढून हातात ठेवेल, ती घेऊन बाहेर पडू नका. शाखाधिकाऱ्याला भेटा.

नेकारतीर
उत्तम माहिती, कर्वेरोड. एक जोड देतो. तिकडे हप्ता 'एसएफ क्लास'वर ठरतो, म्हणजे अपघाताविना किती वर्षं काढली त्यावर. नवीन माणूस शून्यापासून सुरू होतो आणि तिथेच हप्ता फुगतो. परदेशातली वर्षं मोजायची की नाही हे प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते, त्यांच्यावर बंधन नाही. म्हणून आत्ताच दोन-चार कंपन्यांना ईमेल करून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. शिवाय हप्ता गाडीच्या मॉडेलवर आणि तुमच्या जिल्ह्यावरही असतो. ठरवलेली गाडी महागड्या वर्गात बसत असेल तर दाखला आणूनही फार फरक पडणार नाही.

मुळाकाठ
बाबांची गाडी पुण्यात उभीच राहणार असेल तर बॅटरीची वायर काढून ठेवा, टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा. बॉनेटखाली उंदीर होतात, वायरी कुरतडतात, आमच्याकडे दोनदा झालंय. आणि बंद गाडी असली तरी पॉलिसी चुकवू नका. संपल्यापासून ९० दिवसांत भरली नाही तर एनसीबी जातो.

पौडफाटा
बाबा चालवतात हो ती गाडी.

सदाशिव_३०
इतकी परीक्षेची धास्ती कशाला? लक्ष्मी रोडला गणपतीत गाडी काढणारा माणूस जगात कुठेही चालवेल.

नेकारतीर
याच भरवशावर आपले लोक प्रत्यक्ष परीक्षेत नापास होतात, मी जवळून पाहिलंय. हात चांगला असतो, पण सवयी आड येतात. तिकडच्या वस्तीतल्या रस्त्यावर पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो लहानशा गल्लीतून येत असला तरी. आपण मोठ्या रस्त्यावर आहोत म्हणून सरळ पुढे गेलात की परीक्षा तिथेच संपते. आणि लेन बदलताना, वळताना आरसा पाहून भागत नाही, मान वळवून खांद्यावरून मागे पाहावं लागतं. शेजारी शिक्षक आणि मागे बसलेला परीक्षक, दोघांना ती मान वळलेली दिसली पाहिजे. सक्तीचे नसले तरी शिक्षकाबरोबर काही तास घ्याच. स्वयंचलित गाडीवर परीक्षा दिलीत आणि गिअरच्या गाडीचं वेगळं प्रशिक्षण घेतलं नसेल तर लायसन्सवर तसा शिक्का बसतो, मग गिअरची गाडी चालवता येत नाही. तुम्ही ठरवलेली गिअरची आहे का?

पौडफाटा
गिअरची. आणि लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते ना?

नेकारतीर
येते. ३० प्रश्न असतात, चुकांचे १० पेक्षा जास्त गुण झाले की नापास. प्रत्यक्ष परीक्षेत मात्र सूचना जर्मनमध्ये मिळतात. लिंक्स (डावीकडे), रेश्ट्स (उजवीकडे), वेंडेन (यू-टर्न), आइनपार्केन (गाडी पार्क करणं) एवढे शब्द पक्के करा.

रानजाई
आरटीओचा प्रश्न राहिलाच. तुमचं लायसन्स कार्ड आहे की जुनं पुस्तक? आणि त्यावरची वैधता कधीपर्यंत? तिकडे मूळ लायसन्स लागतं, डिजिलॉकरमधलं चालत नाही. संपायला वर्षाहून कमी राहिलं असेल तर नूतनीकरणाचा अर्ज आत्ताही करता येतो.

पौडफाटा
कार्ड आहे, २०३१ पर्यंत.

रानजाई
मग आरटीओत जायची गरजच नाही. सोमवार विमा कंपनीला द्या.

नेकारतीर
आणि हेही माहीत असू द्या की जर्मन लायसन्स हातात देताना ते भारतीय कार्ड काढून घेतात. त्याची दोन्ही बाजूंची रंगीत प्रत घरी ठेवा. अर्ज मात्र परत गेल्याच्या आठवड्यात करा, कार्यालयात वेळ लागतो. गाडी घेतलीत तरी एप्रिलनंतर लायसन्स मिळेपर्यंत स्वतः चालवू नका.

सह्याद्री_भटक्या
माझा भाचा कॅनडाला, ओंटारियोला चाललाय. त्याला पण हेच पत्र लागेल का?

विमावाला_कर्वेरोड
तिकडचे नियम वेगळे आहेत, नवीन धागा काढा. पण गाडी त्याच्या नावावर आहे का, ते आधी बघा.

पौडफाटा
कर्वेरोड, शाखेत पत्राचा मजकूर टाइप करून नेऊ का, की तेच लिहितात?

विमावाला_कर्वेरोड
टाइप करून न्या, पेन ड्राइव्हवर आणि कागदावर, दोन्ही. आणि साडेदहाच्या आत पोचा.