पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आहे, तरीही एंडोस्कोपी करावी का?

करवीरकर यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वडील ६१ वर्षांचे आहेत आणि करवीर तालुक्यात आमची ऊसशेती आहे. दिवाळीपासून त्यांना बरगड्यांच्या खाली, अगदी मधोमध जळजळते. पहाटे दोन-तीनच्या सुमारास कळ येऊन जाग येते आणि दोन बिस्किटे किंवा कपभर दूध घेतले की तेवढ्यापुरते बरे वाटते. गावातल्या डॉक्टरांनी दिलेल्या पित्ताच्या गोळ्या चालू असेपर्यंत आराम असतो, त्या थांबवल्या की पुन्हा तेच सुरू होते. मागच्या महिन्यात कोल्हापूर शहरात आणून सोनोग्राफी केली, तिच्यात काहीही निघाले नाही. आता पोटविकारतज्ज्ञांनी एंडोस्कोपी सुचवली आहे. रिपोर्ट चांगला असताना घशातून नळी कशाला घालायची, तांबडा रस्सा आणि मिसळ बंद केली की पित्त आपोआप शमेल, असे घरच्यांचे म्हणणे आहे. आईने त्यांना काही आठवडे वरण-भातावरच ठेवले आहे, पण फरक पडलेला नाही. एंडोस्कोपी खरोखर गरजेची आहे का, की आणखी काही दिवस गोळ्यांवर काढता येतील?

शाहूपुरीतील डॉक्टर

सोनोग्राफीत यकृत, पित्ताशयातील खडे, मूत्रपिंड आणि स्वादुपिंडाचा काही भाग चांगला दिसतो. जठर आणि लहान आतड्याची सुरुवात हे अवयव मात्र पोकळ असतात, त्यांत हवा असते आणि त्यांच्या आतल्या अस्तरावरची जखम सोनोग्राफीत सहसा दिसत नाही. त्यामुळे ‘नॉर्मल’ याचा अर्थ पित्ताशयात खडे दिसले नाहीत एवढाच घ्यावा. अल्सर नाही असा त्याचा अर्थ होत नाही. पहाटे रिकाम्या पोटी कळ येणे आणि खाल्ल्यावर ती थांबणे हे लहान आतड्याच्या सुरुवातीला होणाऱ्या अल्सरचे जुने, ओळखीचे लक्षण आहे, परंतु केवळ लक्षणांवरून निदान पक्के करता येत नाही. शिवाय साठीच्या आसपास नव्याने सुरू झालेली पोटाची तक्रार पित्त म्हणून सोडून देऊ नये, कारण क्वचित तिच्यामागे जठराचा कर्करोग असतो आणि गोळ्यांनी तोही काही काळ झाकला जातो.

मला तीन गोष्टी सांगा. वडील गुडघेदुखी, कंबरदुखी यांसाठी काही गोळ्या घेतात का? वजन उतरले आहे का किंवा घास गिळताना अडकतो का? शौचाला कधी काळे झाले होते का?

करवीरकर

वजन थोडे उतरले आहे, पण आम्ही ते पथ्याचे समजलो. घास अडकत नाही. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी ते ऊसतोडीच्या दिवसांत जवळजवळ रोज घेतात, पण जेवणानंतरच घेतात. काळ्या शौचाबद्दल त्यांना आजच विचारले, तेव्हा कळले की गेल्या आठवड्यात दोन-तीन दिवस डांबरासारखे काळे, चिकट होत होते. त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते.

शाहूपुरीतील डॉक्टर

मग एंडोस्कोपी करावी की नाही हा प्रश्न उरत नाही. ती लवकरात लवकर करा आणि आजच हिमोग्लोबिन तपासून घ्या. पोटात झिरपलेले रक्त आम्लामुळे आणि पचनामुळे काळे होते, म्हणून शौचाला लाल रंग दिसत नाही. वेदनाशामक गोळी आजपासून बंद करा, पण रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती परस्पर थांबवू नका. चक्कर आली, घाम फुटला, रक्ताची उलटी झाली किंवा पुन्हा काळे झाले, तर रात्र असली तरी सी.पी.आर. हे कोल्हापुरातले सरकारी रुग्णालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा.

डायक्लोफिनॅक जेवणानंतर घेतली तरी धोका टळत नाही, कारण या औषधाचा मुख्य परिणाम रक्तातून होतो. जठराच्या अस्तराचे रक्षण करणारा चिकट थर ज्या द्रव्यांमुळे टिकून राहतो, ती द्रव्येच त्याने कमी होतात. म्हणूनच ही औषधे इंजेक्शनने घेतली तरी अल्सर होऊ शकतो.

तपासणीची भीती बाळगू नये. काही तास उपाशी ठेवतात, घशात बधिर करणारा फवारा मारतात आणि पुष्कळदा पाच-दहा मिनिटांत काम होते.

लक्ष्मीपुरी मेडिकल

मी औषधविक्रेता आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो. पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी पित्ताची गोळी सकाळी नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. जेवणानंतर किंवा जळजळ झाली की तेवढ्यापुरती घेतली, तर तिचा पूर्ण उपयोग होत नाही. दुसरे म्हणजे गंगावेशीतल्या कट्ट्यावर रात्री धारोष्ण दूध पिऊन पित्त शमते असे आमचे पुष्कळ ग्राहक सांगतात. दुधाने घटकाभर थंड वाटते हे खरे, पण त्यातील प्रथिने आणि कॅल्शियम यांमुळे जठरात पुन्हा आम्ल सुटते, त्यामुळे अल्सरवर तो उपचार नव्हे.

बावड्याच्या ताई

या प्रश्नाला थोडे सोडून आहे, पण वाचणाऱ्यांसाठी लिहिते. माझ्या सासऱ्यांना छातीच्या मधोमध अशीच जळजळ झाली होती आणि सगळ्यांनी पित्तच म्हटले. ईसीजी काढल्यावर हृदयविकार निघाला. चालताना किंवा जिना चढताना जळजळ वाढत असेल, घाम येत असेल, जबड्याकडे वा हाताकडे दुखत असेल, तर अँटासिड पाजत बसू नका.

करवीरकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. एंडोस्कोपी झाली. लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर आहे, रक्तस्राव थांबलेला आहे, अल्सर करणाऱ्या एच. पायलोरी जंतूची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि हिमोग्लोबिन कमी, म्हणजे ९.६ आहे. चौदा दिवसांची प्रतिजैविके, पँटोप्राझोल आणि लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. हे झाले की पुन्हा एंडोस्कोपी लागेल का? आणि रस्सा कायमचा बंद करायचा का?

शाहूपुरीतील डॉक्टर

वेळेत निदान झाले याचा फार आनंद वाटला. लहान आतड्याचा अल्सर असा बरा होत असताना सहसा पुन्हा एंडोस्कोपी लागत नाही. जठरातला असता, तर तुकडा तपासून तो भरून येईपर्यंत पाठपुरावा करावा लागला असता. जंतू मात्र गेला की नाही हे तपासायलाच हवे. प्रतिजैविके संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा विष्ठेतील अँटिजेनची (जंतूच्या अंशाची) चाचणी होते आणि तिच्या आधी दोन आठवडे पँटोप्राझोल बंद ठेवावी लागते. ती केव्हा बंद करायची हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी या कामी चालत नाही, कारण जंतू गेल्यावरही ती पुष्कळ काळ पॉझिटिव्ह राहू शकते. बरे वाटले म्हणून आठव्या दिवशी प्रतिजैविके सोडू नयेत. अर्धवट औषधाने जंतू चिवट होतो आणि पुढच्या वेळी तीच औषधे चालत नाहीत.

रश्श्याबद्दल विचारलेत. अल्सर तिखटाने आणि काळजीने होतो असे डॉक्टरही एके काळी मानत. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल यांनी १९८४ साली हा जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली आणि २००५ साली रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. तिखटाने आधीच्या जखमेवर आग होते, म्हणून सध्या बेताने खावे. जखम भरल्यावर त्रास होत नसेल, तर रस्सा बंद करण्याचे कारण नाही. बिडी ओढत असतील तर ती मात्र सोडायला लावा, कारण धूम्रपानाने अल्सर भरायला वेळ लागतो. गुडघ्यासाठी आधी पॅरासिटामॉल आणि व्यायाम यांवर भर द्या. मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक घेणे कायमचे थांबले पाहिजे.

लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळपट-हिरवट होते, त्याने घाबरू नका. पण ते पुन्हा चकचकीत, चिकट आणि उग्र वासाचे झाले किंवा उभे राहताना अंधारी आली, तर लोहामुळेच असेल असे धरून घरी थांबू नका.