मदत हवी आहे: मोठेपणीचा एडीएचडी, गोळी असताना आणि नसताना

नमस्कार मंडळी. वय ३६, नाशिकला अंबड एमआयडीसीत प्लॅनिंगला आहे. मध्यंतरी एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, मन चंचल राहतं तो विकार) निदान झालं आणि मिथाइलफेनिडेट ही उत्तेजक प्रकारातली गोळी सुरू झाली. सकाळी फरक छान जाणवतो, उघडलेली एक्सेल शीट पूर्ण होऊनच बंद होते. पण दुपारी चारनंतर परिणाम उतरला की नुसती चिडचिड, घरी पोरांवर आवाज चढतो. तुमच्याकडे या उतरत्या वेळेचं काय करता?

दुसरी कटकट गोळी मिळण्याची. औषध शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीतलं, त्यामुळे चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक केमिस्ट ठेवून घेतो. व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना ती लिहून देता येत नाही. कॉलेज रोड, सीबीएस, द्वारका, सगळीकडे "स्टॉक नाही". एकाने तर असं वरखाली पाहिलं, जणू मी गांजाच मागतोय! मग मधले दिवस बिनगोळीचे.

डॉक्टर त्याऐवजी अ‍ॅटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध सुचवतायत. ते उत्तेजक नाही, पण पूर्ण परिणामाला काही आठवडे लागतात. कोणी असा बदल केलाय? मळमळ किती टिकली? (डोस विचारत नाहीये, बीपीचंही डॉक्टरांना सांगितलंय.)

बिनगोळीच्या दिवसांत गोदापार्कला पहाटे चालून आलो की दुपारपर्यंत निभतं. अलार्म सुचवू नका, ते मी झोपेतच बंद करतो. "मन लावून काम कर" हे आई रोज सांगतेच. मोठ्यांसाठी मराठीतून सीबीटी (विचार-सवयी बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत) करणारं कोणी गंगापूर रोड किंवा इंदिरानगरकडे माहितीत आहे का? फी साधारण किती पडते?