मदत हवी आहे: मास्कची कड अर्धा पिक्सेल आत घ्यायचीये, केस खाल्ले जातायत

नमस्कार मंडळी, हिरव्या पडद्यासमोरचा एक शॉट ब्लेंडरच्या कंपोझिटरमध्ये करतोय, कीइंग (हिरवा रंग काढून माणसाचा मास्क बनवणं, म्हणजे पांढरं तिथे दिसतं, काळं तिथे नाही असं चित्र) बऱ्यापैकी झालंय पण माणसाच्या कडेनी हिरवट रेघ राहते. डायलेट/इरोड नोड (मास्क बाहेर वाढवणारा/आत घेणारा) स्टेप मोडवर ठेवून -1 दिलं तर रेघ थोडी उरतेच, -2 दिलं की रेघ जाते पण सोबत भुरभुरणारे केस पण जातात आणि हेल्मेट घातल्यासारखं दिसतं. मधलं -1.5 काही घेत नाही. परत +2 देऊन बघितलं, केस येत नाहीत ते नाहीतच. आणि नुसता मास्क बाहेर वाढवला तर काळी कड येते, ती कुठून येते? कोणी सांगेल का प्लीज

प्रतिसाद १:
स्टेप मोड प्रत्येक पिक्सेलला आजूबाजूची सगळ्यात कमी व्हॅल्यू देतो (वाढवताना सगळ्यात जास्त), म्हणून पूर्ण पिक्सेलचीच उडी बसते. -2 म्हणजे दोन्ही बाजूंनी 2, मग 3 पिक्सेलच्या केसात उरणार काय! एकदा शून्य झालं की वाढवायला काही शिल्लकच नसतं.
अर्ध्या पिक्सेलसाठी मॅट (म्हणजे तोच मास्क) हलकी ब्लर करा आणि पुढे कलर रॅम्प (काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादा सरकवणारा नोड) लावा. काळा स्टॉप 0 वरून वर सरकवला की कड आत येते, पांढरा 1 वरून खाली आणला की बाहेर जाते, आणि हे हवं तितकं बारीक करता येतं. पण केसांवर हे पण नको. दोन मॅट काढा, अंगाची घट्ट आणि केसांची मऊ, इरोड फक्त घट्टवर, मग मॅथ नोडच्या मॅक्झिममने जोडा. खरं तर हिरवट रेघ हे डिस्पिलचं (कडेवर पडलेली हिरवी झाक काढण्याचं) काम आहे, त्यासाठी मास्क कापत बसू नये असं माझं मत.

प्रतिसाद २:
काळ्या कडेचं: तुमचा आरजीबी (चित्राचा रंग) जुन्या अल्फाने (मास्कने) आधीच गुणलेला असणार, म्हणजे कडेबाहेर रंग काळाच. मूळ फुटेजचा रंग घ्या, मास्कचं सगळं आधी उरका आणि गुणाकार शेवटी एकदाच.

धागाकर्ता:
काळी कड गेली, धन्यवाद! डिस्पिल लावल्यावर इरोडची गरजच फारशी उरली नाही, केस पण राहिले. आता फक्त हात जोरात हलतो तिथे मोशन ब्लरमध्ये (हालचालीने आलेल्या धूसरपणात) घट्ट मॅटची कड मधूनच डोकावते, तेवढ्या फ्रेमपुरता इरोड कीफ्रेम करायचा की हाताची तिसरी मॅट काढायची?