खाऱ्या टाकीतले मासे असे का वागतात? तुमचे अनुभव सांगा

ठाणे

आमच्या हॉलमध्ये गेली सहा वर्षं खाऱ्या पाण्याची टाकी आहे. चार फुटी, साधारण ३०० लिटरची. क्लाउनफिशची जोडी, एक पिवळा टँग, एक रॉयल ग्रामा मासा आणि दोन क्लीनर कोळंब्या एवढाच संसार. गेल्या आठवड्यापासून क्लाउनच्या मादीचं काहीतरी बिनसलंय. डाव्या कोपऱ्यातल्या सपाट दगडाला ती तोंडाने सारखी खरवडते. नर तिच्या शेजारी येतो आणि हुडहुडी भरल्यासारखा थरथरतो. काल काच पुसायला हात घातला तर ती मनगटाला चावली. रक्त नाही आलं, पण मी दचकून हात बाहेर काढला. एरवी ही माझ्या बोटातून खाते.

पाणी तपासलं. सॅलिनिटी (खारटपणा) ३५, तापमान २६, अमोनिया शून्य. दुकानदार म्हणतो रोग असेल, औषध टाका. माझं मन होत नाही.

म्हणून हा धागा. तुमच्याकडे मासे असं काही चमत्कारिक वागले असतील तर सविस्तर लिहा. काय दिसलं, तेव्हा काय वाटलं आणि शेवटी काय निघालं, तिन्ही सांगा. शेवट आवर्जून सांगा, कारण घाबरलेले प्रश्न सगळीकडे वाचायला मिळतात आणि पुढे त्या माशाचं काय झालं ते कुणी लिहीत नाही.

पुणे, कोथरूड

ताई, औषध टाकू नका. आधी माझं ऐका.

मी यलो कोरिस रॅस आणला. पिशवीतून टाकीत सोडला, त्याने एक फेरी मारली आणि वाळूत डोकं खुपसून गायब. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मेला आणि आत कुजतोय अशी माझी खात्री झाली. अमोनिया वाढेल या धास्तीने मी अर्धे दगड बाहेर काढले, वाळू उकरली, सगळं पाणी गढूळ केलं. मासा सापडला नाही. चौथ्या दिवशी सकाळी दहाला तो ठणठणीत बाहेर होता आणि दगडावरचे बारीक किडे टिपत होता. मेला नव्हता, लपला होता. या जातीचे रॅस घाबरले की वाळूत शिरतात आणि रोज रात्री झोपतातही वाळूतच.

पण मला खरं नवल वाटलं ते पुढे. पहिले काही दिवस तो रोज दुपारी साडेतीनच्या सुमारास झोपायला जायचा. टाकीचे दिवे रात्री नऊपर्यंत चालू, बाकी सगळे मासे फिरतायत आणि हा मात्र वाळूत. बायको म्हणाली, आजारी दिसतोय. मग विचारलं तर कळलं की मासा इंडोनेशियाहून आलेला. बालीत संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेतीन असतात. तो त्याच्या समुद्रातल्या सूर्यास्ताला झोपत होता! हळूहळू वेळ सरकत गेली आणि पंधरा-वीस दिवसांनी आमच्या दिव्यांशी जुळली.

आता नवा रॅस आला की आठवडाभर वाळूला हात लावत नाही.

न्यू जर्सी

माझ्याकडे फेअरी रॅस आहे. पहिल्या पहाटे दिवे लागायच्या आधी टॉर्च मारून पाहिलं तर तो दगडाच्या फटीत एका पारदर्शक पिशवीत आडवा. पिशवीवर वाळूचे कण चिकटलेले. मला वाटलं बुरशी चढली. नवऱ्याला उठवलं, जाळी घेतली, तेवढ्यात मासा ती पिशवी फाडून निघून गेला.

तो त्याच्या अंगातूनच निघालेला चिकट कोष होता. पोपटमासे आणि काही रॅस झोपताना असा कोष विणतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर पोपटमाशांवर एक छान प्रयोग झाला आहे. काही झोपलेल्या माशांचे कोष हळूच काढून घेतले आणि पाण्यात रक्त पिणारे बारीक परजीवी सोडले. कोष काढलेल्या माशांना ते कितीतरी जास्त चावले. थोडक्यात, ही माशांची मच्छरदाणी. तेव्हापासून रात्री टॉर्च मारायचा तर लाल कागद लावून मारते. झोपमोड केली की पुन्हा सगळी मच्छरदाणी बांधायची, त्यात त्या जिवाची किती शक्ती जात असेल.

डोंबिवली

माझ्याकडची मोठी क्लाउन गेली. आठ वर्षं होती. का गेली ते आजही माहीत नाही. लहानगा नर एकटा उरला. आठवडाभर तो तिच्या झोपायच्या कोपऱ्यात आडवा पडून असायचा. क्लाउन तसेही रात्री कुशीवर पडल्यासारखे झोपतात, पण हा दिवसाही तसाच. माशाला दुःख होतं की नाही याचा वाद मला घालायचा नाही. मी जे पाहिलं ते सांगते.

दोन महिन्यांनी एक छोटा क्लाउन आणून सोडला. तो जवळ आला की जुना अंगावर धावायचा, आणि छोटा आडवा होऊन थरथरायचा, अगदी तुम्ही लिहिलंय तसं. मला वाटलं भीतीने झटके येतायत. तसं नव्हतं. ती त्यांची 'तुम्ही मोठे, मी लहान' म्हणायची रीत आहे. शरणागती दिसली की मोठा मारत नाही. पुढच्या वर्षभरात जुना अंगाने वाढत गेला आणि एके दिवशी त्याने अंडी घातली. म्हणजे तिने. क्लाउनफिश आधी नर असतात आणि गटातला सर्वात मोठा मादी होतो. मादी गेली की नर तिची जागा घेतो. पुस्तकात वाचलेलं होतं, पण ज्याला आठ वर्षं 'तो' म्हटलं त्याला 'ती' म्हणायला माझी जीभ वळत नव्हती.

नाशिक

माझा अनुभव थोडका आहे, पण कृपया सगळ्यांनी वाचा. मे महिना, दुपारी वीज गेली. तासाभराने सगळे मासे पृष्ठभागावर तोंड काढून भराभर श्वास घेऊ लागले. सगळे एकदम वर आले तर ती सवय नसते, प्राणवायू संपत आलेला असतो. गरम पाण्यात तो आधीच कमी विरघळतो, त्यात पाणी ढवळणारा वेव्हमेकर बंद. मी आणि मुलीने आळीपाळीने तांब्याने पाणी उचलून उंचावरून ओतलं. पावणेचार तास. एक टँग गेला, बाकीचे वाचले. दुसऱ्याच दिवशी बॅटरीवर चालणारा एअर पंप आणला. पाचशे-सातशे रुपयांची ती वस्तू आधी का आणली नाही, हे मला अजून सलतं.

गिरगाव

माझं वय ७२. लहानपणी वडील रविवारी तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे. १९५१ साली ते उघडलं, तिथून हा नाद लागला. घरी खारी टाकी मात्र निवृत्तीनंतरच जमली.

रात्री दोनच्या सुमारास हॉलमधून 'टक्क' असा आवाज यायचा. काच तडकल्यासारखा. मी चार रात्री टाकीसमोर खुर्ची टाकून बसलो. काचेवर एक ओरखडा नाही. सिलिकॉनचे सांधे बोटाने चाचपले, खाली कोरडा टॉवेल अंथरून ठेवला. थेंब नाही. आवाज चालूच. पाचव्या रात्री दगडाखालून एक जाडजूड नांगी बाहेर आलेली दिसली. दगडासोबत पिस्टल श्रिंप आली होती. या कोळंबीची एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी असते. ती इतक्या वेगाने मिटते की पाण्याचा झोत सुटतो, त्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटताना आवाज होतो. नांगीचे दोन भाग आपटल्याचा आवाज आहे असंच सगळे धरून चालले होते. तो बुडबुड्याचा आहे हे २००० साली नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं.

अनेकांनी सांगितलं, काढून टाका. मी काढली नाही. तिच्यासाठी वॉचमन गोबी आणला. जोडी जमेल याची शाश्वती नव्हती. टाकीच्या एका टोकाला मासा, दुसऱ्या टोकाला कोळंबी. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर दोघं एकाच बिळाच्या तोंडाशी!

त्यानंतर मी रोज तासभर त्यांच्यापुढे बसतो. कोळंबीला नीट दिसत नाही. ती बिळातून वाळू, शंखांचे तुकडे ढकलत बाहेर आणते, अगदी बुलडोझरसारखी, आणि बाहेर असेपर्यंत तिची एक मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबी दारात बसून पहारा करतो. मी हात हलवला की तो शेपटी किंचित फडफडवतो आणि कोळंबी क्षणात आत. धोका मोठा असेल तर मासाही तिच्या मागोमाग डोकं खाली घालून बिळात. खाणं टाकलं की गोबी कधीकधी मोठा तुकडा तोंडात धरून बिळात नेतो. तिच्यासाठी नेतो की निवांत खायला, ते मला सांगता येणार नाही, पण तुकडा कोळंबीच्या वाट्याला येतो हे मी स्वतः पाहिलं आहे. रात्री दोघं बिळात जातात आणि कोळंबी तोंड वाळूने बुजवून घेते. पहाटे तीच उघडते. आमच्या चाळीत दोन बिऱ्हाडं एका नळावर अशी समजुतीने राहायची, ते दिवस आठवतात.

आवाज अजून येतो. आता त्याने झोप लागते.

सांगली

मी पशुवैद्य आहे, त्यामुळे थोडी धोक्याची बाजूही मांडतो. मासा दिवसातून एखादवेळ दगडाला अंग घासतो, त्यात काही नाही. पण तो पुन्हापुन्हा झटक्याने घासतोय, श्वास जलद आहे, वेव्हमेकरच्या झोतात तोंड करून उभा राहतोय, तर काचेजवळ जाऊन मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात का पाहा. क्रिप्टोकॅरियन नावाचा परजीवी असतो, टँगना फार लवकर धरतो. माझ्या निळ्या टँगचे ठिपके चौथ्या दिवशी आपोआप गेले आणि मी खूश झालो. ती फसगत होती. परजीवी माशावरून गळून वाळूत जातो, तिथे विभागतो आणि कितीतरी पटीने परत येतो. दुसऱ्या वेळी मी तीन मासे गमावले.

तांबं (कॉपर) असलेलं औषध लागू पडतं, पण ते वेगळ्या टाकीत, रोजच्या रोज मोजून. मुख्य टाकीत टाकलंत तर कोळंब्या, गोगलगायी, प्रवाळ सगळं मरेल. ठाण्याच्या ताई, तुमच्या क्लीनर कोळंब्या त्या औषधाने पहिल्या गेल्या असत्या. मासे बाहेर काढल्यावर मुख्य टाकी अडीच महिने माशांविना ठेवावी लागली. रिकाम्या टाकीला रोज पाणी घालणं फार जड गेलं.

दुबई

बांगाई कार्डिनलच्या नराने खाणं सोडलं. जबडा सुजलेला, तोंड घट्ट मिटलेलं. मी गाठ समजून डॉक्टरी सल्ले शोधत बसले. एक दिवस त्याने जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं आणि आत नारिंगी अंड्यांचा घोस! या जातीत बाप अंडी आणि नंतर पिल्लंही तोंडात सांभाळतो, तेही जवळजवळ उपाशी राहून. तीन आठवड्यांनी बोटाच्या पेराहून लहान, पट्टेरी पिल्लं बाहेर आली आणि थेट लांब काट्यांच्या अर्चिनमध्ये (हा साळिंदरासारखा काटेरी समुद्री जीव) शिरली. ती टाकीतच जन्मली होती, त्यांना अर्चिन कुणी दाखवला?

सिंगापूर

आमच्या पिवळ्या टँगने तीन दिवस काचेशी भांडण मांडलं होतं. मागची काच काळ्या कागदाने झाकली आणि त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसायला लागलं. कागद काढला, भांडण संपलं. आरशातला आपणच हे ओळखणारे मासेही आहेत म्हणे: २०१९ मध्ये जपानच्या संशोधकांनी क्लीनर रॅसच्या गळ्यावर खूण केली, तर आरशात पाहून ते तीच जागा वाळूवर घासू लागले. एक विनंती, हे वाचून क्लीनर रॅस विकत घेऊ नका. तो दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो. घरच्या टाकीत बहुतेक उपाशी मरतो.

मालवण

मी टाकी ठेवत नाही, पर्यटकांना पाण्याखाली नेतो. पण ताईंचं चावण्याचं वाचलं म्हणून लिहितो. इथे खडकांवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे असतात. एरवी माणूस आला की बाजूला होतात. अंडी राखणारा नर मात्र रंगाने निळसर गडद होतो आणि हातभर माशाची काय, सहा फुटी माणसाचीही पर्वा न करता मास्कवर येऊन धडकतो. तुमच्या मादीने दगड साफ करायला घेतला आणि हाताला चावली, म्हणजे तिथे अंडी येणार. दगडाजवळ हात नेऊ नका, बस.

आणि सगळ्यांनाच हात जोडून, आपल्या समुद्रातलं प्रवाळ कुणी आणून दिलं तरी घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे ते. आम्ही तुटलेल्या फांद्या रोज बघतो.

ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. मालवणच्या दादांनी लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दगडावर नारिंगी ठिपक्यांचा वाटीएवढा पट्टा होता. औषधाची बाटली परत केली.

मग आठ दिवस नर तिथून हलला नाही. परांनी वारा घालायचा, तोंडाने एकेक अंडं साफ करायचा, खराब झालेलं खाऊन टाकायचा. मादी पहाऱ्याला. पाचव्या-सहाव्या दिवशी अंडी करडी झाली आणि त्यात चंदेरी डोळे दिसू लागले, प्रत्येकी दोन. मुलगा शाळेतून आला की दप्तर न काढता भिंग घेऊन तिथेच.

आठव्या रात्री दिवे मालवल्यावर तासाभरात अंडी फुटली. टॉर्चच्या उजेडात पाण्यात बारीक काचेचे तुकडे हलावेत तशी शेकडो पिल्लं. सकाळी एकही नव्हतं. काही सम्पमध्ये (गाळणीच्या जोडटाकीत) गेली, काही ग्रामाने खाल्ली असतील. मुलगा रडला, मलाही जेवण गेलं नाही. त्यांना पहिले दिवस खायला रोटिफर नावाचे अतिसूक्ष्म जीव लागतात, ते माझ्याकडे नव्हते, वेगळी टाकीही नव्हती. आता एक जुनी वीस लिटरची टाकी चारी बाजूंनी काळा कागद लावून तयार केली आहे. रोटिफरची बाटली परवा आली, ते शेवाळाच्या हिरव्या पाण्यात वाढतायत. ज्यांनी कुणी पिल्लं पंधरा दिवसांच्या पुढे नेली आहेत त्यांनी पाणी किती आणि कधी बदललं ते कृपया लिहा.

आज सकाळपासून ती पुन्हा तोच दगड खरवडते आहे.